पहिल्या तारेखालची फांदी

३ डिसेंबर

प्रिय मुंगे,

फोन वाजून वाजून बंद होतो, म्हणून कागद घेतला. कागद आला की फार तर न उघडता ठेवून देता येतो. तसं कर, पण फाडू नकोस.

नोव्हेंबरच्या सभेत जे बोलले त्याबद्दल मी माफी मागणार आहे असं वाटत असेल, तर आधीच सांगते, हे ते पत्र नाही. मी जे बोलले ते विचार करून बोलले. माझा प्रश्न साधा होता आणि आजही तोच आहे. तुझ्या आईने दोन हंगाम तुझा तो वायरींनी भरलेला हातमोजा घालून, कपाळाला कॅमेरा बांधून नासपतीची छाटणी केली. सिकेटरची पाती कुठे टेकवायची, कुठला डोळा राखायचा, कुठली फांदी जाऊ द्यायची, मनगट किती वळवायचं, सगळं यंत्राने टिपून घेतलं. आणि मग तो तुझा सहा पायांचा यंत्र-खेकडा कुंपणालगतच्या ओळीत आडवा आडवा चालत गेला आणि तिच्यासारखा छाटू लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही पाहत होते.

हात ताईचा. मग नोंद कोणाची? आज ती तुझ्याकडे आहे म्हणून सुरक्षित आहे, असं तू म्हणालीस. तू त्या संशोधन संस्थेत जन्मभर राहणार आहेस का? उद्या तुझ्या जागी दुसरं कोणी येईल आणि ती नोंद डोंगरापलीकडच्या एखाद्या बागेला देईल. तिथे छाटणारी माणसं नसतील, नुसते खेकडे असतील. ते माझ्या बहिणीच्या हाताने छाटतील आणि तिला साधं विचारणारही कोणी नसेल. हातावर पोट असणाऱ्या माणसाचा हातच उतरवून घेतला, तर त्याच्याकडे वाटाघाटीला उरतं काय? यंत्रं फोडणाऱ्या विणकरांच्या गोष्टी मी तुला लहानपणी वाचून दाखवल्या होत्या. तेव्हा तू त्यांच्या बाजूची होतीस.

मी अडाणी हट्टाने विरोध करते असं म्हणू नकोस. जमिनीत खुपसलेल्या कांड्या मातीची ओल सांगतात आणि पाणी किती सोडायचं ते मुकादमाच्या मोबाइलवर येतं, त्याला मी कधी आडवी आले? खांबावरचे कॅमेरे पानांवरची कीड आमच्याआधी ओळखतात, त्याचा ठराव तर मीच मांडला होता. माती, पाणी, पान मोजा. माणूस मोजू नका. एवढंच माझं म्हणणं.

त्या फोटोंबद्दल तुझा राग आहे, हे मला कळतं. खेकड्याने प्रत्येक झाडाला, फांद्या बांधायच्या पहिल्या तारेच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर, एक फांदी राखली होती. छाटणीचा तक्ता भिंतीवर लावलेला आहे, नवशिक्यालाही तो पाठ असतो: तारेखाली काही ठेवायचं नाही, फळ चिखलात लोळतं. ताईला ती एक खोड आहे, जुनी आहे, तिच्या हाताला कोणी बोलत नाही. पण यंत्राने ती खोडही उचलली. मी फोटो पडद्यावर लावले आणि म्हटलं, "पाहा, हुशार यंत्र. चूकसुद्धा तोंडपाठ केली." सगळं सभागृह हसलं. सभेत हसवावं लागतं, मुंगे. हसलेला माणूस ऐकतो.

तू उठून एवढंच म्हणालीस, "ती चूक नाही." मी विचारलं, मग काय आहे, सांग सभेला. तू आईकडे पाहिलंस आणि खाली बसलीस. उत्तर असतं तर दिलं असतंस.

ठराव झाला: माणसांच्या हाताच्या सगळ्या नोंदी सर्वांसमोर पुसायच्या. तुझ्या आईनेही हात वर केला, हे विसरू नकोस. पुसायचं बटण तू स्वतः दाबलंस. पडद्यावर पुसल्याची पट्टी भरत गेली. कोणीतरी टाळी वाजवली आणि मधेच थांबला.

तुझे लोकरीचे हातमोजे खुर्चीवर राहिले होते. धुऊन ठेवले आहेत.

तुझी मावशी


२३ डिसेंबर

मुंगे,

अर्धांगाच्या झटक्यानंतर ताई आता वॉर्डमध्ये उठून बसते, डाव्या हाताने पाणी पिते, आणि नर्स चादर नीट खोचत नाही म्हणून तिला बोलते. म्हणजे बरी आहे. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहतो. डॉक्टर म्हणाले, चालेल, बोलेल, हाताचं आत्ता सांगता येत नाही. वेळेवर कळलं म्हणून एवढ्यावर निभावलं. हे सगळं त्यांनी तुलाही सांगितलंच असेल.

मी लिहिते आहे ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. परवा कॉरिडॉरमध्ये आपण समोरासमोर आलो. मी भिंतीला सरकले. तू औषधांची पिशवी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "तुम्ही जेवून घ्या. रात्री मी थांबते."

तुम्ही. जन्मभर "अगं मावशी, ऐक ना" म्हणून माझ्या पुस्तकावर हात ठेवणारी तू. मी इतक्या सभा पाहिल्या, घोषणा ऐकल्या, दगडही आले अंगावर. असा दगड कधी लागला नव्हता.

मी जेवले नाही. बाहेर बाकावर बसून राहिले. सकाळी तू निघून गेली होतीस.

मावशी


९ जानेवारी

प्रिय मुंगे,

ताईला घरी आणलं. तू रोज संध्याकाळी तिला फोन करतेस तेव्हा मी स्वयंपाकघरात जाते आणि भांडी वाजवत राहते, म्हणजे तुला मोकळं बोलता यावं. कधी कधी नळ बंद करून ऐकते. हेही सांगून टाकते.

मागच्या पत्रात वेळेवर कळलं असं लिहिलं होतं. कसं कळलं ते लिहिलं नव्हतं. ताई त्या दिवशी एकटीच तिच्या ओळीत गेली होती. आम्ही सगळे शेडमध्ये होतो आणि मी नेहमीप्रमाणे बोलत होते. मुकादमाचा मोबाइल वाजला. खांबावरच्या कॅमेऱ्याने निरोप पाठवला होता: ओळीत अडथळा. मी म्हटलं, कुत्रं असेल, बस. तो म्हणाला, "बाई, कुत्रं हलतं," आणि धावत गेला. तो कॅमेरा तू लावलेला. मी बस म्हटलेलं मुकादमाने कोणाला सांगितलेलं नाही. मीच सांगते आहे.

आता मुद्द्यावर येते.

छाटणी सुरू झाली आहे. ताईची ओळ तशीच उभी आहे. आपल्या बागेच्या सहकारी संस्थेचा नियम तुला माहीत आहे, मीच तो लिहिला: ज्या ओळीचा हात थांबला ती ओळ हंगाम संपायच्या आत दुसऱ्या हाताला द्यायची. दुसरे हात वाईट नाहीत, पण ते तक्त्याप्रमाणे छाटणार. ताईची झाडं तक्त्यात बसत नाहीत. तिने ती आपल्या मनाने वाढवली आहेत. ती काही मागत नाही, तुला ठाऊक आहे. पण परवा खिडकीशी बसून म्हणाली, "माझी ओळ माझ्यासारखी छाटायला हवी गं एवढा हंगाम." एवढंच. मग म्हणाली, चहात साखर कमी आहे.

म्हणून मी सिकेटर घेऊन गेले. ताईला मुकादमाने गाडीतून आणलं, खुर्चीत बसवलं. मी झाडापुढे उभी राहिले. तरुणपणी मीही हे काम केलं आहे, पण तेव्हाही माझं निम्मं लक्ष पुस्तकात असायचं. मी फांदी धरली, सोडली, दुसरी धरली. मागून ताई म्हणाली, "भाषण करतेयस का झाडापुढे? काप." कापली. ताईने मान पुढे काढून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "ती राखायची होती."

मी म्हटलं, मग सांग ना, कुठली कापू, कुठली राखू. ती खूप वेळ झाडाकडे पाहत राहिली. म्हणाली, "मला सांगता येत नाही. हाताला माहीत असायचं." आणि मांडीवरच्या हाताकडे अशी पाहत बसली, जसं काही तो कोणाचातरी आहे आणि सांभाळायला दिलाय.

मुंगे, मी तुला विचारते आहे आणि विचारताना मला लाज वाटते आहे. त्या नोंदीची एखादी प्रत राहिली आहे का? कुठल्या कोपऱ्यात, कुठल्या सहकाऱ्याकडे, चुकून? असेल तर मी कोणाला सांगणार नाही.

मावशी


२८ जानेवारी

प्रिय मुंगे,

तुझी चिठ्ठी मिळाली. "प्रत नाही. पुसते म्हणाले आणि पुसलं." खाली सहीसुद्धा नाही.

मी शरमले. प्रत नाही याचं दुःख होतंच. पण कोणीतरी आपल्याला फसवलं असावं, अशी आशा मी जन्मात पहिल्यांदा केली होती. तू फसवलं नाहीस. तुला असं वाढवण्यात माझाही थोडा वाटा होता. आता काय म्हणू?

आज जे कळलं ते तुला आधीपासून माहीत आहे. तरी लिहिते, कारण मला ते कळलं, हे तुला कळायला हवं.

शेजारच्या ओळीतली छाटणीवाली कामाच्या भरात ताईच्या ओळीत शिरली आणि पहिल्याच झाडाची ती तारेखालची फांदी कापायला वाकली. ताई खुर्चीत होती. ती ओरडली. ताईला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या घरात ते काम माझ्याकडे असतं. ती बाई घाबरून सिकेटर टाकून उभी राहिली. मी ताईला म्हटलं, अगं, एक फांदी, तक्त्याप्रमाणे जायलाच हवी ती. ताई म्हणाली, "ती मुंगीची आहे."

मग तिने सांगितलं. तुझे बाबा गेले ते वर्ष. तुला ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून ती तुला बागेत आणायची. मी कुठे होते? मी गावोगाव सभा गाजवत होते, कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघरं हवीत म्हणून. ऐक, हसू नकोस. काढणीच्या वेळी सगळे फळं काढायचे आणि तुझा हात पोचायचा नाही. तू झाडाखाली बसून भोकाड पसरायचीस. म्हणून पुढच्या छाटणीत तिने एका झाडाला एक फांदी खाली राखली, तुझ्या हाताला येईल अशी. तू तिथली फळं काढलीस आणि पुढच्या झाडाकडे निघालीस. तिथे नव्हती, म्हणून पुन्हा भोकाड. मग तिने सगळ्या झाडांना राखली. तू खालची फळं काढत पुढे पुढे, ती वरची काढत मागे मागे, आणि तू नजरेसमोर. तुझं नाव मुंगी तेव्हा पडलं. मला वाटत होतं, सारखी गूळ खायचीस म्हणून.

तू मोठी झालीस, शिकायला गेलीस. ती राखत राहिली. मी विचारलं, एवढी वर्षं का? म्हणाली, "हाताला सवय."

आता मला कुंपणालगतची ती पहिली सकाळ आठवते आहे. खेकडा पहिल्या झाडावरून पुढे सरकला आणि तू वाकून ती खालची फांदी दोन बोटांत धरलीस. तुझा सहकारी म्हणाला, हे काढून टाकू, दोष आहे. तू मान हलवलीस. मी लांबून पाहत होते आणि मनात म्हणत होते, सापडली चूक. तू त्या यंत्राला आईचा हात शिकवलास आणि त्याने आपणहून तुझी फांदी राखली. तुझ्या डोळ्यांत काय होतं ते मी पाहिलंच नाही. मी सभेत हे हसण्यावारी नेलं, तुझ्या आणि तिच्यासमोर. तू उत्तर दिलं नाहीस, कारण ते उत्तर सभागृहाचं नव्हतंच.

अजून आहे. कुंपणालगतची ती ओळ. ठरावाच्या दुसऱ्या दिवशी मी माणसं लावून तिथल्या सगळ्या खालच्या फांद्या कापून घेतल्या. यंत्राच्या चुका दुरुस्त केल्या, असं फलकावर लिहिलंसुद्धा.

आणि ताईचा वर गेलेला हात. तो तिने आपणहून वर केला नव्हता. मत घेताना मी व्यासपीठावरून तिच्याकडे पाहिलं. हात वर जाईपर्यंत पाहत राहिले. माझ्या सख्ख्या बहिणीने माझ्याविरुद्ध मत दिलं असतं तर मी तोंडघशी पडले असते. तिला साधं विचारणारही कोणी नसेल, असं मी गरजून सांगितलं होतं. मी तरी तिला कुठे विचारलं?

मावशी


१६ फेब्रुवारी

मुंगे,

हे पत्र पराभवाचं आहे. तुला थोडी गंमत वाटली तरी चालेल.

तू एकदा म्हणाली होतीस की झाड काही विसरत नाही. प्रत्येक काप खोडावर असतो, कुठल्या साली, कुठल्या बाजूने, सगळं. मला ते आठवलं. ताईच्या ओळीत तिचे इतक्या वर्षांचे काप आहेत. पुसली ती नोंद, झाडं नाही. खेकड्याच्या डोळ्याने ते काप वाचले, तर तिचा हात थोडाफार परत मिळेल का? शक्य आहे की नाही ते तूच जाणे. पण तू विचार करावास म्हणून आधी दार उघडायला हवं होतं आणि दाराला कुलूप मीच लावलेलं. म्हणून खास सभा बोलावली.

मी बोलले. चांगलं बोलले नाही. कागदावर लिहून नेलं होतं, ते वाचताना चष्म्यावर वाफ आली. मी म्हटलं, ठराव करताना आपण चुकलो. हाताची नोंद पुसा असं म्हणायला नको होतं. ज्याचा हात त्याची नोंद, असं म्हणायला हवं होतं. ज्याचा हात आहे त्याला विचारा. तो देईल, नाही देईल, उद्या परत मागेल. मालकी त्याची. आणि आता फक्त एका ओळीसाठी, एका माणसासाठी, कॅमेरा आत येऊ द्या.

मग मुकादम उठला. तोच मुकादम, जो धावत गेला होता. म्हणाला, "बाई, ताईंसाठी मी माझा हात तोडून देईन. पण तुम्हीच शिकवलंत ना, दार बोटभर उघडलं तरी ते उघडंच असतं म्हणून?" पॅकिंगमधल्या बायका मान डोलवत होत्या. कलमं बांधणारे काका तर माझं नोव्हेंबरच्या सभेतलं ते ‘हुशार यंत्र’वालं वाक्य जसंच्या तसं बोलले, माझ्याच ठेक्यात, मी जिथे थांबले होते तिथे थांबून. आणि लोक हसले, मी हसवलं होतं तिथेच.

यंत्र चुकीसकट शिकतं म्हणून मी त्याची टिंगल केली होती, मुंगे. माझी माणसंही मला चुकीसकटच शिकली.

हात वर झाले. ठराव कायम राहिला. दया म्हणून एवढं दिलं की या हंगामापुरती ओळ ताईच्या नावावर राहील आणि छाटणी मी करायची.

घरी येऊन सांगितलं तेव्हा ताई हसत सुटली. तिचं हसू आता थोडं तिरकं होतं. म्हणाली, "इतकं चांगलं बोलायचंच नाही गं माणसाने."

मी नवा ठराव लिहायला घेतला आहे. वर्ष लागेल, दोन लागतील. अजूनही तुझ्या संस्थेवर माझा काडीचा विश्वास नाही, हेही त्यात असेल. पण पहिली ओळ असेल: ज्याचा हात, त्याला विचारा.

मावशी


७ मार्च

मुंगे,

ओळ झाली. कशी झाली ते विचारू नकोस. शेवटच्या झाडांपर्यंत थोडा हात बसला होता, असं ताई म्हणते, पण ती मला बरं वाटावं म्हणूनही म्हणत असेल. तिने एक पद्धत काढली. मी फांदी धरायची आणि तिच्याकडे पाहायचं. तिच्या चेहऱ्यावर दुखल्यासारखं दिसलं तर सोडायची. काही झाडांपाशी दोघींनाही काही कळलं नाही, ती आम्ही न छाटता सोडली.

तारेखालची फांदी मात्र प्रत्येक झाडाला आहे. तेवढं मला जमलं. तेवढ्यासाठी हात लागत नाही.

मी तिला विचारलं, मुंगी आता माझ्यापेक्षा उंच आहे. पुढच्या वर्षी फांदी वर घेऊ का, तिच्या हाताला येईल अशी?

ताई म्हणाली, "नको. वाकेल की."

मावशी


२४ ऑगस्ट

प्रिय मुंगे,

बऱ्याच महिन्यांनी लिहिते आहे. दर रविवारी लिहायला बसत होते आणि प्रत्येक पत्राचं भाषण होत होतं. ती सगळी फाडली.

ताई काठी घेऊन फाटकापर्यंत चालते. उजव्या हाताची दोन बोटं हलतात. त्यांनी ती कपाचा कान धरते आणि मला दाखवते, मग चहा सांडते.

ओळीला फळ बेताचंच आहे. माझ्या छाटणीने वरच्या फांद्यांना नुसता पाला सुटला, मुकादम येता-जाता मान हलवतो. पण खालच्या फांद्या लगडल्या आहेत. काढणीवाल्या बायका वरची, आधी तयार झालेली फळं उतरवतात आणि खालच्यांना हात लावत नाहीत. मी कोणाला सांगितलं नव्हतं. ताईनेही नाही. ज्या बाईवर ती ओरडली होती, तिनेच सगळ्यांना सांगितलं असावं. परवा एका बाईचं पोर तिकडे वळलं, तर ती म्हणाली, "तिथली नको, ती मुंगीताईची आहेत." ज्यांनी माझा ठराव मोडायला नकार दिला तीच ही माणसं. कोणाला कसं शिकवावं, मला काही कळत नाही.

तू फोनवर आईला विचारलंस, खाली फळ धरलं का. मी नळ बंद केला होता. तिने हो म्हटलं. त्यानंतर तू फोन बराच वेळ ठेवला नाहीस. ताई घड्याळाकडे पाहत बसली होती. मीही.

तुला नासपती कशी असते ते मी सांगायला नको. ती झाडावर पिकत नाही. वेळेवर उतरवून घरात ठेवली तर पिकते. झाडावरच राहिली तर बाहेरून चांगली तुकतुकीत दिसते आणि आतून गाभ्यापासून सडत येते. कापेपर्यंत कळत नाही. लहानपणी तू मला एकदा तसली दिली होतीस, सगळ्यात छान दिसणारी, मावशीला म्हणून. मी ती न सांगता खाल्ली.

मला काय म्हणायचं आहे ते इतक्या पत्रांतून म्हणून झालं आहे, आणि जे म्हणायला हवं होतं ते एकाही पत्रात नीट आलं नाही. मी चुकले, मुंगे. प्रश्नात नाही. तुझ्या बाबतीत. व्यासपीठावरून तू मला विरोधी पक्ष दिसलीस. तू आईच्या हाताची आठवण जपून ठेवायला आली होतीस आणि मी ती तुझ्याच बोटाने पुसायला लावली. ते आता कुठूनही परत येत नाही. हे मला माहीत आहे.

बागेत यायचं नाही असं तू ठरवलं आहेस, ते माझ्यामुळे. तू यावंस म्हणून मी बाजूला होऊ शकते. खालच्या फळांच्या काढणीच्या दिवसांत मी शेडमध्ये बसेन, हवं तर गावाला जाईन. ओळीत फक्त ताई असेल, तिच्या खुर्चीत. यंत्र आणू नकोस, ठराव अजून आहे. नुसती ये.

फळ उतरवायला आल्याची खूण तुझ्या आईने तुला शिकवली होती, तिनेच मलाही शिकवली: फळ ओढायचं नाही, पिळायचं नाही. तळहातात घेऊन हळूच वर उचलायचं. वेळ झाली असेल तर देठ आपोआप सुटतो.

आज सकाळी मी पहिल्या झाडापाशी गेले. गुडघे कुरकुरले, पण वाकले. एक फळ तळहातात घेतलं, वर उचललं.

अजून सुटत नाही. म्हणजे वेळ आहे.

तुझी मावशी